हा दगड कोडोलीचा आहे

ऊस तुटून गेला की शिवार एकदम उघडं पडतं. वर्षभर ज्या वाटांना दोन्ही बाजूंनी हिरव्या भिंती असतात, तिथून अचानक लांबची घरं दिसायला लागतात. जोतिबाचा डोंगर दोन पावलं पुढं आल्यासारखा वाटतो, आणि पेटवलेल्या पाल्याची काळी राख उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मग विहिरींचे दिवस सुरू होतात. पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हाच विहीर खोल करता येते. काठावर यारी येऊन उभी राहते, लांब लोखंडी हात वाकवून खालचा दगड-मुरूम वर ओढणारी. जोडीला कॉम्प्रेसर येतो आणि कातळात भोकं पाडणाऱ्या ड्रिलचा आवाज सकाळपासून उन्हं कलेपर्यंत शिवारभर फिरत राहतो.

मी आता कळंब्याला राहते. यंदा चैत्र लागला आणि आमच्या घरामागच्या रानातही तो आवाज आला. शेजारच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. मी आमच्या उघडल्या. त्या आवाजात मला ओल्या दगडाचा वास येतो, सुरुंगाच्या दारूचा वास येतो, आणि चार वर्षांपूर्वीचा कोडोलीचा उन्हाळा येतो. त्या उन्हाळ्यात मी भांडायला शिकले. तिशी जवळ आली होती, म्हणजे तसा उशीरच झाला होता.

माझे वडील दस्तगीर नदाफ. आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. आजोबा कापूस पिंजून गाद्या भरायचे, थोरले चुलते कोडोलीत अजूनही तेच दुकान चालवतात. अब्बांना मात्र कापूस मानवला नाही. विशीत ते कुणाच्या तरी विहिरीत उतरले आणि तिथलेच झाले. ड्रिलवाले, सुरुंगवाले, यारीवाले येतात आणि जातात; पण बार उडाल्यावर आधी खाली उतरून कातळ कुठं धरलाय, कुठं सुटलाय, कुठला दगड डोक्यावर येईल, हे बघणारा एक माणूस लागतो. पंचक्रोशीत तो माणूस म्हणजे अब्बा. मी लहान असताना ते सदऱ्याच्या खिशातून पांढऱ्या गारगोट्या आणायचे. काही टोकदार, काही कापसाच्या पेळूसारख्या तंतूतंतूंच्या. मी त्या अंगणात मांडायची, कधी फोडायची. त्या कुठून येतात हे विचारायचं मला सुचलंच नाही. अब्बांच्या खिशातून येतात, एवढं पुरेसं होतं.

पुढं कॉलेजात भूशास्त्राला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी एकेकाला उभं करून ओळख करून द्यायला सांगितली. कुणाचे वडील शिक्षक, कुणाचे बँकेत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "वडील बांधकाम क्षेत्रात आहेत." खोटं म्हणावं तर पूर्ण खोटं नव्हतं. पण खाली बसताना कान गरम झाले होते, आणि ते वाक्य मी पुढं किती तरी वर्षं वापरलं. त्याच विभागात मला प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. काचेच्या कपाटातले दगड पुसायचे, त्यांची लेबलं लिहायची. प्रत्येक लेबलावर ठरलेल्या चार ओळी असतात. नमुन्याचं नाव, त्यातले घटक, सापडल्याचं ठिकाण, आणि संकलन म्हणजे तो नमुना कुणी मिळवला. शेकडो लेबलं मी लिहिली असतील. त्या चौथ्या ओळीत कुणाची नावं येतात आणि कुणाची येत नाहीत, याकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

त्या वर्षी रोजे भर एप्रिलात आले होते. अब्बा सुमनअक्कांच्या विहिरीवर होते. सुमनअक्का चौगले म्हणजे कोडोलीच्या खालच्या अंगाला सात म्हशी आणि चार एकर ऊस एकटीच्या बळावर सांभाळणारी बाई. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन आजऱ्याला. अक्कांचा आवाज असा की म्हैस दावं तोडायच्या विचारात असेल तर विचार बदलेल. अब्बा रोजा धरून भर उन्हात विहिरीत उतरतात याचा त्यांना मनापासून राग यायचा. दिवसभर बडबडायच्या आणि सूर्य मावळायच्या सुमाराला चरवीभर दूध आणि खजूर घेऊन विहिरीच्या काठावर हजर असायच्या.

एका दुपारी बार उडाला. धूर बसल्यावर अब्बा खाली उतरले, आणि तळापासून पुरुषभर उंचीवर त्यांना कातळात घागरीच्या तोंडाएवढं भोक दिसलं. त्यांनी मोबाईलची बॅटरी आत धरली. मग बॅटरी बंद केली, ओलं गोणपाट त्या भोकावर टाकलं आणि वर ओरडून यारी थांबवायला सांगितली.

मी शनिवारी गेले तेव्हा मलाही यारीच्या डब्यात बसवून खाली सोडलं. वरचा उन्हाळा वरच राहिला. खाली गारवा, भिंतीतून झिरपणारं पाणी, आणि गोल कापलेलं आभाळ. अब्बांनी गोणपाट बाजूला केलं. आत पीच फळाच्या सालीच्या रंगाच्या पाकळ्या होत्या, पंख्यासारख्या उलगडलेल्या, आणि त्यांच्यावर फिकट हिरवे, काचेसारखे स्वच्छ, चार बाजूंनी निमुळते होत गेलेले स्फटिक उभे होते. काही बोटाएवढे, काही मुठीएवढे. काहींचे माथे सपाट होते आणि त्यांतून माशाच्या डोळ्यासारखी चमक येत होती. पाकळ्या स्टिलबाईटच्या, हिरवे स्फटिक अपोफिलाईटचे. मी हे शब्द परीक्षेत लिहिले होते, कपाटात पुसले होते. पण जिथं ते जन्मले त्या जागी उभं राहून मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

अब्बांनी विचारलं, "कुणी ठेवलं असंल ग हे हितं?" मी त्यांना सांगितलं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं तापलेला लाव्हा पसरला. एकावर एक थर. भाकरी फुगताना आत वाफ अडकते तशी त्यात हवा अडकली, आणि दगड थंड झाल्यावर पोकळ्या राहिल्या. मग त्यांत गरम पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यानं दगडातलंच थोडं थोडं विरघळवून आणलं आणि कणाकणानं या भिंतींवर बसवलं. या स्फटिकांच्या अंगात अजून पाणी आहे, तापवलं तर ते निघून जातं आणि स्फटिकाचे पापुद्रे सुटतात. अब्बा रोज्याचे कोरडे ओठ मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे माणूस नव्हतं तवापासनं हे हितं बसून हाय. आणि आपण उद्या बार उडवणार."

उद्याचा बार ठरलेलाच होता. ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं. कॉम्प्रेसर दिवसाच्या भाड्यानं आणलेला, गारगोटीसाठी तो बसवून ठेवायचा नाही. पावसाच्या आधी विहीर खोदून वरचं बांधकामही उरकायचं होतं, नाही तर काठाची माती आत येणार. त्याचं काही चूक नव्हतं. त्यानं अब्बांना सांगितलं की सकाळी दुसरे दोन गडी आणतो, तुम्ही घरी बसा, मी खाडा मांडतो.

सकाळी अब्बा सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरले आणि त्या भोकाखाली दगडावर बसून राहिले. ठेकेदार काठावरून बराच वेळ बोलला. माझ्या वडिलांना मी कुणाशी वाद घालताना पाहिलं नव्हतं. सांगितलेलं काम करायचं, पदरात पडेल ते घ्यायचं, हा त्यांचा स्वभाव. त्या दिवशी खालून त्यांचा आवाज आला, शांत आणि मोठा. "खाडा मांडा. मी हितंच बसलोय. बार उडवायचा आसंल तर उडवा."

ठेकेदारानं अक्कांना बोलावून आणलं. अक्का शेणाचे हात तसेच घेऊन आल्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, मग यारीच्या डब्यात पाय टाकला आणि मला खाली सोडा म्हणाल्या. साठीच्या जवळची बाई, नऊवारीचा काष्टा आवळून लोखंडी डब्यात उभी राहून खाली गेली. खाली किती वेळ होत्या कुणास ठाऊक. वर आल्या तेव्हा डोळे वेगळेच दिसत होते. ठेकेदाराला म्हणाल्या, "विहीर माझी हाय. बार कवा उडवायचा ते मी सांगीन."

चार दिवस लागले; मी रजा टाकून तिथंच थांबले. अब्बांनी स्फटिकांना हत्यार लागू दिलं नाही. पोकळीच्या भोवतीनं कातळात छिन्नीनं बोटभर रुंदीची चर काढत गेले, अख्खी पोकळीच कवचासकट सुटावी म्हणून. हादऱ्यानं टोकं तुटू नयेत यासाठी चुलत्यांच्या दुकानातून पिंजलेला कापूस आणला आणि पाकळ्यांच्या मधे मधे भरला. चुलते स्वतः काठावर येऊन कापूस अजून मोकळा कर, अजून मोकळा कर असं सांगत होते. दोन्ही भाऊ एकाच कामावर असलेले मी तेव्हाच पाहिले. चौथ्या दिवशी अक्कांची जुनी वाकळ गुंडाळून तो दगड यारीनं वर आला. कापूस काढला तेव्हा ऊन थेट त्या हिरव्यावर पडलं. गोठ्यातून, शेजारच्या रानांतून माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

बातमी फिरायला वेळ लागत नाही. दोन दिवसांत एक व्यापारी गाडी घेऊन आला. असे दगड विकत घेऊन परदेशात पाठवणं हाच त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता. अक्कांच्या गोठ्याशेजारी बाजेवर दगड ठेवला होता. त्यानं चप्पल काढली, खिशातून भिंग काढलं आणि श्वास रोखून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं आकडा सांगितला. आमच्यापैकी कुणाच्याही घरात तो आकडा आजवर बोलला गेला नव्हता.

अक्कांनी अब्बांकडं बघितलं, अब्बांनी माझ्याकडं. मी सवयीनं एकच प्रश्न विचारला, लेबलावर काय लिहिणार? तो हसून म्हणाला की पुणे जिल्हा लिहू. बाहेरच्या लोकांना तिथलीच हिरवी अपोफिलाईट माहीत असतात, कोडोली म्हटलं की पन्नास प्रश्न विचारतात, माल पडून राहतो. सगळेच असं करतात.

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. सोयीचं, थोडंसंच खोटं, समोरच्याला प्रश्न पडू नये म्हणून लावलेलं. मीही एक लेबल असंच वर्षानुवर्षं लावून फिरत होते. माझे कान पुन्हा गरम झाले, त्या पहिल्या दिवसासारखे.

मी काही बोलायच्या आत अक्का बोलल्या. "पन्नास प्रश्न विचारत्यात तर विचारू देत की पावणं. आपण पन्नास उत्तरं देऊ."

व्यापाऱ्यानं समजावून बघितलं, आकडा वाढवला. अब्बा दगडाजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या विहिरी सगळ्या ह्या पट्ट्यात हायत. कुठं कसला दगड लागतो ते मला ठावं हाय. ह्यो दगड हितला हाय. दुसऱ्या गावचा म्हणून न्हाय जायचा." अक्कांनी मान हलवली. व्यापाऱ्यानं जाताना दगडाकडं एकदा मागं वळून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच्याबद्दल थोडं वाईट वाटलं. पण थोडंच.

मे महिन्यात वळीव आला. विहिरीचं बांधकाम चार दिवसांनी मागं पडलेलं होतं. पूर्वेकडचा काठ अजून मोकळा होता, तो रात्रीतून खचला आणि मातीचा ढीग तळाला गेला. ती माती काढायला पुन्हा यारी बोलवावी लागली. अक्का त्याबद्दल कधी कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. मला हे चुलत्यांकडून कळलं, तेही महिन्याभरानं.

दगड आमच्या कॉलेजात ठेवायचं ठरलं. पोरं बघतील, अभ्यास करतील, असं अक्काच म्हणाल्या. देणगी नाही, नुसता ठेवायला, असा कागद केला. विभागप्रमुख सर आनंदानं हरखले. त्यांनीच मला शिकवलं होतं. खास नवीन कपाट, आत दिवा. लेबल मात्र त्यांनी स्वतः छापून आणलं. नाव बरोबर, घटक बरोबर, ठिकाण: कोडोली, जिल्हा कोल्हापूर. चौथी ओळ, संकलन: भूशास्त्र विभाग.

मी सरांना म्हटलं, इथं दस्तगीर नदाफ असं हवं. सरांनी शांतपणे समजावलं. संकलक म्हणजे ज्यानं नमुना ओळखला तो. दगड काढणं ही मजुरी झाली, ओळखणं हे शास्त्र. "ओळखलास तू. हवं तर तुझं नाव घालू," ते म्हणाले.

एक क्षण मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. काचेमागं, दिव्याखाली, माझं नाव. मग मला विहिरीच्या तळाशी दगडावर बसलेला माणूस आठवला. मी सरांना नाही म्हटलं, खाली गेले, कोऱ्या कार्डावर चारही ओळी हातानं लिहिल्या आणि छापलेलं लेबल काढून ते ठेवलं.

दुसऱ्या दिवशी माझं कार्ड गायब. मी दुसरं लिहिलं. तेही गेलं. मी तिसरं लिहिलं. कपाटाची एक किल्ली माझ्याकडं होती, एक सरांकडं. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांशी या विषयावर एक अक्षर न बोलता हेच करत होतो. शेवटी शिपायाच्या हाती लेखी विचारणा आली, शिस्तीबद्दल. आयुष्यात पहिल्यांदा असा कागद माझ्या नावानं आला होता. त्याच कागदाखाली मी उत्तर लिहिलं: "हा नमुना माझे वडील दस्तगीर बाबालाल नदाफ, व्यवसाय विहीर खोदणे, यांनी ओळखला व काढला." व्यवसाय हा शब्द मी बाकीच्यांपेक्षा ठळक लिहिला.

सर चिडले नाहीत. ओळखला म्हणजे कसा, एवढंच त्यांनी विचारलं. मला नेमकं सांगता येईना. मी म्हटलं, चला, त्यांनाच विचारू. रविवारी मी सरांना कोडोलीला नेलं. अक्कांच्या विहिरीला तोवर पुरुषभर पाणी आलं होतं. अब्बा काठावर उभे राहून, ऑफिसातल्या मोठ्या माणसासमोर बोलताना होतात तसे जरा अवघडून, पण सरळ बोलले. बार उडवण्याआधी ड्रिल चालू असताना एका भोकाला आवाज बदलला होता. भरीव कातळाचा आवाज छातीत लागतो, हा कानात लागला. म्हणून त्यांनी ड्रिलवाल्याला ते भोक सोडायला आणि पुढची दोन हातभर बाजूला घ्यायला लावली होती.

"न्हाय तर सायब, त्या बारातच समदं गेलं असतं. मी बघितलं नंतर. ऐकलं आधी."

मलाही हे ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. सर काठाशी आणखी एक पाऊल पुढं आले. मग त्यांनी अब्बांना विचारलं की आवाज कुठल्या खोलीपासून बदलला, कसा बदलला, याआधी असं कधी झालं होतं, आणि खिशातून वही काढून लिहून घ्यायला लागले. दुसऱ्या दिवशी नवं लेबल छापून आलं. संकलन: दस्तगीर बाबालाल नदाफ, कोडोली.

अब्बा ते बघायला आले तेव्हा बकरी ईद होऊन गेली होती. इस्त्रीचा पांढरा सदरा, अत्तर. मी त्यांना कपाटासमोर उभं केलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. ते चौथीपर्यंत शिकलेले. एकेका शब्दावर बोट धरून, काचेला बोट न लावता, त्यांनी चारही ओळी वाचल्या. मला वाटलं डोळे भरतील. त्यांचे नाही, माझे भरले होते. अब्बा पुन्हा वरून वाचायला लागले, काहीतरी हरवलेलं शोधावं तसे. मग माझ्याकडं वळले.

"अक्कांचं नाव कुठाय?"

मीही चारही ओळी पुन्हा वाचल्या.

"विहीर त्यांची. बार त्यांनी थांबवला. काठ त्यांचा ढासळला. मी नुसता खाली बसलोतो."

एवढ्या दिवसांच्या भांडणात, तीन कार्डांत आणि एका लेखी उत्तरात, ते नाव माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी कपाट उघडलं, लेबल काढून हातात घेतलं, अब्बांना स्टुलावर बसवलं आणि जिना चढून सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी माझ्या हातातलं लेबल पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "सर, एक ओळ राहिली."

त्यांनी नियम सांगितला. लेबलाला चारच ओळी असतात, सगळ्या कपाटांत, सगळ्या विद्यापीठांत. मी म्हटलं, असतील.

आता त्या कपाटात पाच ओळींचं लेबल आहे. नाव, घटक, ठिकाण, संकलन, आणि पाचवी ओळ: सुमन तुकाराम चौगले यांच्या विहिरीतून, त्यांच्या निर्णयामुळे वाचलेला नमुना. ठरलेल्या पितळी पट्टीत ते मावत नाही, खालून बाहेर येतं. बाहेरून येणारे परीक्षक ते बघून हसतात, एवढं लांबलचक काय लिहिलंय म्हणतात. हसू देत. मी त्यांना पाचही ओळी मोठ्यानं वाचून दाखवते.